विश्लेषण : ‘कमीज’ आणि ‘कामिसा’ एकाच कुळातले कसे? कपड्यांच्या शब्दांची वंशावळ लावणारे जुआन कोरोमिनेस कोण होते?

झारा किंवा मँगोच्या दुकानातून आणलेल्या टी-शर्टच्या आत शिवलेली पांढरी पट्टी सहसा कोणी वाचत नाही. तिच्यावर एकच माहिती अनेक भाषांत छापलेली असते. इंग्रजीत ‘कॉटन’, इटालियनमध्ये ‘कोतोने’, स्पॅनिशमध्ये ‘आल्गोदोन’. पहिले दोन सख्खे भाऊ वाटतात, तिसरा परका. प्रत्यक्षात तिन्ही शब्द एकच आहेत. अरबीत कापसाला ‘कुत्न’ म्हणतात. इंग्रजीत नामाआधी ‘द’ लागतो तसा अरबीत ‘अल’ लागतो आणि ‘अल-कुत्न’ होते. स्पॅनिश भाषेने हा शब्द ‘अल’सकट उचलला आणि त्याचे ‘आल्गोदोन’ झाले. त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, बार्सिलोना आणि आसपासच्या कॅटलोनियात मात्र लोकांनी ‘अल’ मागे ठेवला. कॅटलान भाषेत कापूस म्हणजे नुसते ‘कोतो’.

शेजारी भाषा दोन, अरब तेच, कापूसही तोच. मग शब्द दोन तऱ्हेने का आले? असले प्रश्न विचारण्यात आणि त्यांची उत्तरे पुराव्यानिशी लिहिण्यात एका माणसाने जवळजवळ सत्तर वर्षे घालवली. त्यांचे नाव जुआन कोरोमिनेस. स्पॅनिश शब्दांचे मूळ सांगणारा आजही सर्वाधिक वापरला जाणारा कोश त्यांचा आहे. विशेष म्हणजे तो त्यांनी देशाबाहेर राहून लिहिला, आणि त्या काळात त्यांच्या स्वतःच्या मातृभाषेला स्पेनमध्ये शाळेत, कचेरीत, सरकारदरबारी थारा नव्हता.

कापडाच्या शहरात जन्म

कोरोमिनेस यांचा जन्म २१ मार्च १९०५ रोजी बार्सिलोनात झाला. हे शहर कापडावर मोठे झालेले. अठराव्या शतकात इथे सुती कापडावर छपाई करणारे कारखाने निघाले आणि त्या छापील कापडाला कॅटलान लोक ‘इंदियानेस’ म्हणत. म्हणजे सरळ सरळ ‘हिंदुस्थानी’. भारतातून युरोपात जाणाऱ्या चिटाच्या कापडाची ती नक्कल होती. माल बार्सिलोनाचा, नाव आपले. पुढे त्याच धंद्यातून शहराचे औद्योगिक रूप उभे राहिले.

घरात मात्र कापड नव्हे, पुस्तके आणि राजकारण होते. वडील पेरे कोरोमिनेस वकील आणि लेखक होते. १८९६ मध्ये बार्सिलोनात एका धार्मिक मिरवणुकीवर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर सरकारने जी सरसकट धरपकड केली तिच्यात तेही सापडले. त्यांच्यासाठी फाशीची मागणी झाली होती. जीव वाचला, पण तुरुंग आणि काही काळ देशाबाहेरचे जगणे चुकले नाही. आई सेलेस्तिना व्हिन्यो शिक्षिका होत्या. या घरात भाषा हा गप्पांचा विषय नव्हता, भूमिकेचा विषय होता.

जुआन यांनी बार्सिलोनात पदवी घेतली आणि मग माँपेलिए, माद्रिद, झुरिक, पॅरिस अशा ठिकाणी त्या काळच्या मोठ्या भाषाशास्त्रज्ञांकडे शिक्षण घेतले. माद्रिदमध्ये त्यांना रामोन मेनेंदेस पिदाल भेटले. स्पॅनिश भाषेचा इतिहास शास्त्रीय पायावर आणणारे हे नाव. डॉक्टरेटसाठी कोरोमिनेस यांनी निवडलेला विषय बघण्यासारखा आहे. पिरेनिज पर्वतातल्या आरान नावाच्या एका लहानशा खोऱ्यातली बोली! हा प्रबंध १९२८ चा. साठेक वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी याच बोलीवर मोठा ग्रंथ काढला. हातात घेतलेला विषय सोडायचा नाही, ही सवय तेव्हापासूनची.

१९३० मध्ये ते कॅटलान अभ्यास संस्थेत रुजू झाले. तिथे पोंपेउ फाब्रा यांच्यासोबत काम करायला मिळाले. आधुनिक कॅटलानचे शुद्धलेखन, व्याकरण आणि प्रमाण शब्दकोश ज्यांच्यामुळे उभे राहिले ते हे फाब्रा. (इथे एक फुटकळ माहिती द्यायचा मोह आवरत नाही. फाब्रा शिक्षणाने इंजिनीअर होते आणि बरीच वर्षे बिल्बाओच्या इंजिनीअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. इंजिनीअरिंग करून भाषेच्या नोकरीत शिरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे!) फाब्रा यांनी शब्द कसा लिहावा ते ठरवले. कोरोमिनेस यांना तो आला कुठून ते ठरवायचे होते.

शब्दाचे मूळ शोधायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्याकडे व्युत्पत्ती म्हटले की दोन शब्द सारखे ऐकू आले, लावला संबंध, असा समज असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निम्म्या व्युत्पत्ती अशाच असतात. कोरोमिनेस यांचे काम याच्या बरोबर उलट. त्यांच्या नोंदीत तीन गोष्टी हटकून तपासलेल्या दिसतात. शब्द लेखी पुराव्यात पहिल्यांदा कधी आढळला, शेजारच्या भाषांत त्याची भावंडे कोण आणि या सर्वांना जोडणारा उच्चारबदल त्या भाषेच्या नियमात बसतो का.

तिसरी कसोटी सर्वांत कडक. उदाहरण धाग्याचेच घेऊ. लॅटिनमध्ये धागा म्हणजे ‘फिलुम’. कॅटलानमध्ये त्याचा झाला ‘फिल’. स्पॅनिशमध्ये झाला ‘इलो’. कारण कॅस्टिल प्रांताच्या बोलीत, म्हणजे आजच्या प्रमाण स्पॅनिशच्या मुळाशी असलेल्या बोलीत, शब्दारंभीचा ‘फ’ आधी ‘ह’ झाला आणि नंतर उच्चारातून गेलाच. लिहिताना मात्र तो मुका ‘ह’ अजून लिहितात. हा नियम एखाददुसऱ्या शब्दाचा नाही, शेकडो शब्दांत तो दिसतो.

आता याच नियमाची फूटपट्टी झग्याला लावू. स्पॅनिशमध्ये स्कर्टला ‘फाल्दा’ म्हणतात. शब्द जर्मानिक कुळातला, अर्थ ‘घडी’ किंवा ‘दुमड’. इंग्रजी ‘फोल्ड’ त्याचाच नातलग. पण अस्सल कॅस्टिलियन शब्द असता तर ‘फ’ टिकायला नको होता. आणि खरोखरच जुन्या स्पॅनिशमध्ये ‘हाल्दा’ हे रूप सापडते. मग आजच्या ‘फाल्दा’तला ‘फ’ बाहेरच्या, म्हणजे ‘फ’ जपणाऱ्या शेजारच्या बोलींच्या, वळणाचा असावा असा संशय येतो. कोडमध्ये एखादी ओळ बाकीच्या शैलीशी जुळत नसेल तर ती दुसऱ्या कोणीतरी आणून चिकटवली आहे हे लगेच कळते, तसेच हे.

या शब्दाचा अर्थही मजेचा आहे. कॅटलानमध्ये ‘फाल्दा’ म्हणजे स्कर्ट नव्हे, तर मांडी. बसल्यावर कपड्याची जी खोळ होते आणि जिच्यात मूल बसवतात ती. स्कर्टला तिथे ‘फाल्दिल्या’ म्हणतात, म्हणजे छोटी फाल्दा. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपली ‘ओटी’ही पोटाचा भाग आहे आणि लुगड्याची खोळही. मूल ओटीत घेतात आणि खणा-नारळाने ओटी भरतात. स्पॅनिशमध्ये डोंगराच्या उतारालाही ‘फाल्दा’ म्हणतात.

लुटीचे कपडे आणि सैनिकांचा सदरा

स्पॅनिशमध्ये एकूण कपड्यांना ‘रोपा’ म्हणतात, कॅटलानमध्ये ‘रोबा’. इतका घरगुती शब्द. रोज धुतो, वाळत घालतो तो. त्याचे मूळ मात्र रणांगणावरचे आहे. रोमन साम्राज्य ढासळत असताना आलेल्या जर्मानिक टोळ्यांच्या भाषेत ‘राउपा’ म्हणजे लूट. त्याच धातूपासून लुटणे, चोरणे या अर्थाचा स्पॅनिश ‘रोबार’ शब्द आला. कापड हाताने विणले जात होते तेव्हा कपडा ही मौल्यवान वस्तू होती, आणि पडलेल्या शत्रूच्या अंगावरून ओरबाडायची पहिली गोष्टही तीच. लूट म्हणजे माल, माल म्हणजे मुख्यतः कपडे, असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीतला ‘रोब’ फ्रेंचमार्गे याच घरातून आला. न्यायाधीशांच्या झग्याला आणि चोरीला एकच मूळ असावे, हा योगायोग नाही, निखळ व्याकरण आहे.

यात एक मेख आहे. ‘राउपा’ हा शब्द त्या रूपात कोणत्याही जुन्या हस्तलिखितात सापडलेला नाही. मुलींवरून आईचा चेहरा काढावा तसा तो नंतरच्या भाषांवरून काढलेला आहे. अशा शब्दाआधी कोशकार चांदणीची खूण करतात. चांदणी म्हणजे कबुली, की हा हिशेबाने काढलेला ‘क्ष’ आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही. कोरोमिनेस यांच्या कोशात या चांदण्या पानोपानी आहेत.

आता शीर्षकातला शब्द. शर्टला स्पॅनिश आणि कॅटलान दोन्हीत ‘कामिसा’ म्हणतात. जुन्या अभिजात लॅटिनमध्ये हा शब्द नाही. तो चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांच्या लेखनात दिसतो, आणि तोही सैनिक अंगालगत घालतात त्या तागाच्या कपड्याचे नाव म्हणून. लॅटिनने तो बहुधा केल्टिक लोकांकडून घेतला आणि त्यांनी जर्मानिक शेजाऱ्यांकडून. आजच्या जर्मनमधला शर्टाचा ‘हेम्द’ त्याच मुळाचा मानतात. म्हणजे रोमच्या सीमेवरच्या छावण्यांत हा शब्द साम्राज्यात शिरला. पुढे तो पूर्वेला सरकत अरबीत ‘कमीस’ झाला, कुराणात यूसुफच्या कथेत आला आणि फारसीच्या हाताने भारतात ‘कमीज’ होऊन पोहोचला. आपण ‘सलवार-कमीज’ म्हणतो तेव्हा दोन्ही शब्द मुसलमानी अमदानीतले एवढेच धरतो. त्यातला ‘कमीज’ मुळात युरोपातून निघालेला आहे. गोव्यात तर तो दुसऱ्या दाराने पुन्हा आला. कोकणीतला ‘खमीस’ पोर्तुगीज ‘कामिझा’चा. हिंदीतला कमीज आणि गोव्यातला खमीस, दोघांचा आजा एकच, फक्त एक खुष्कीच्या मार्गाने आला आणि दुसरा गलबतातून.

‘सलवार’ हा जोडीदारही स्पेनमध्ये पोहोचला आहे. मूळ फारसी, अरबीत ‘सरावील’, तिथून स्पॅनिशमध्ये ‘सारागुएयेस’. कॅटलानचीच एक बोली बोलणाऱ्या व्हॅलेन्सिया भागात शेतकऱ्यांचा पारंपरिक घोळदार पांढरा चोळणा ‘सारागुएल्स’ म्हणून आजही उत्सवात घालतात. आपला ‘जुब्बा’ही तिकडे आहे. अरबी ‘जुब्बा’ला ‘अल’ जोडून स्पॅनिशमध्ये ‘आल्हुबा’ झाला. त्याच घराण्यातून पुरुषांचा तंग अंगरखा ‘हुबोन’ निघाला आणि इटालियनच्या वाटेने गेलेल्या शाखेतून फ्रेंचमध्ये ‘ज्यूप’ झाला. ज्यूप म्हणजे बायकांचा स्कर्ट! प्राध्यापकी जुब्बा आणि पॅरिसचा स्कर्ट एका कापडातले निघतात ते असे.

आणि ‘अल’चे कोडे? स्पॅनिशने अरबी शब्द बहुतेक वेळा ‘अल’सह घेतले, कॅटलानने बऱ्याचदा त्याशिवाय. याचे एक स्पष्टीकरण असे की, कॅस्टिलियन शब्द दीर्घकाळ अरबी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून, त्यांच्या तोंडून आले. अरबी नीट न येणाऱ्याला ‘अल’ वेगळा आहे हे कळत नव्हते. कॅटलोनियाची बंदरे इटलीशी व्यापारात बांधलेली होती आणि इटालियनमध्येही हे शब्द ‘अल’विना आहेत. वाद पूर्ण मिटलेला नाही. दोन्हीकडे अपवादही सापडतात.

१९३९ : देश सुटला

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. २६ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकोच्या फौजा बार्सिलोनात शिरल्या. कोरोमिनेस तेव्हा ३३ वर्षांचे, बार्सिलोना विद्यापीठात शिकवणारे, कॅटलान गावांच्या नावांची गोळाबेरीज १९३१ पासून करत असलेले. लाखो लोकांबरोबर तेही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. वडील ब्युनोस आयर्सला पोहोचले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथेच वारले. फाब्राही फ्रान्समध्ये गेले. ते परत आलेच नाहीत, १९४८ मध्ये परमुलखात त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेल्या देशात कॅटलान शाळांतून हद्दपार झाली. कचेऱ्या, पाट्या, वर्तमानपत्रे सर्वत्र फक्त स्पॅनिश. सुरुवातीच्या वर्षांत कॅटलान पुस्तक छापणेही जवळजवळ अशक्य होते. भाषा घराच्या उंबरठ्याआत तेवढी उरली.

कोरोमिनेस यांना अर्जेंटिनात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मेंदोसा शहरात नवीनच निघालेल्या कुयो विद्यापीठात जागा मिळाली. तिथे त्यांनी भाषाशास्त्राची संस्था उभी केली, नियतकालिक काढले. आता समोर दोन वाटा होत्या. ज्या कॅटलान कोशाचे साहित्य तरुणपणापासून जमवले तो लिहायचा, तर तो छापणार कोण आणि वाचणार कुठे? दुसरी वाट स्पॅनिशची. ज्या भाषेच्या नावाने त्यांची भाषा दाबली जात होती, तिचाच व्युत्पत्तिकोश लिहायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. ही तडजोड होती का? मला तसे वाटत नाही. स्पॅनिश कोशाच्या नोंदी वाचताना दिसते की, जवळपास प्रत्येक शब्दाच्या शेजारी त्यांनी कॅटलान, पोर्तुगीज, ऑक्सितान, बास्क अशी सगळी भावंडे आणून बसवली आहेत. स्पॅनिश एकटीच्या बळावर मोठी झाली नाही, हे तिच्याच कोशात पुराव्यासह लिहिले गेले. भाषण न करता याहून टोकदार उत्तर देता आले असते असे वाटत नाही.

अर्जेंटिनाचा फायदाही झाला. स्पेनमध्ये मागे पडलेले किंवा वेगळ्या अर्थाने वापरात असलेले शब्द दक्षिण अमेरिकेत रोजच्या बोलण्यात होते. स्कर्टचेच बघा. अर्जेंटिनात ‘फाल्दा’ऐवजी ‘पोयेरा’ म्हणतात. ‘पोयो’ म्हणजे कोंबडीचे पिल्लू. ‘पोयेरा’ म्हणजे पिल्ले कोंडायची विणलेली टोपली, आपले डालगे. सतराव्या शतकात स्पेनमधल्या बायका जे फुगीर घेर घालत त्यांचा आकार तसा होता म्हणून थट्टेने नाव पडले असणार. स्पेनने घेर सोडला, नावही सोडले. समुद्रापलीकडे ते टिकले, आणि साध्या सरळ स्कर्टलाही लागू झाले.

१९४६ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. (योगायोग म्हणजे कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ याच वर्षीचा.) शिकागोत २१ वर्षे शिकवले. १९५४ ते १९५७ दरम्यान स्पॅनिशचा चिकित्सक व्युत्पत्तिकोश चार खंडांत बाहेर आला. तो प्रसिद्ध झाला माद्रिद आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथून. म्हणजे देश सोडावा लागलेल्या माणसाचा ग्रंथ त्याच देशाच्या राजधानीत छापला गेला. मुखपृष्ठावर नाव होते ‘कोरोमिनास’, स्पॅनिश वळणाचे. कॅटलान पुस्तकांवर ते ‘कोरोमिनेस’ लिहीत. एका स्वराचा फरक, पण ग्रंथालयांच्या यादीत आजही हा माणूस दोन नावांनी सापडतो.

१९६१ मध्ये त्याच कोशाची एका खंडातली संक्षिप्त आवृत्ती आली. स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या टेबलावर बहुधा तीच असते.

पायावर चढलेला शब्द

कपड्यांच्या शब्दांत सर्वांत लांबचा प्रवास केलेला शब्द कोणता, असे विचारले तर माझे मत ‘काल्सा’ला. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच, तिच्यावरून ‘काल्केउस’ म्हणजे जोडा. त्यातून ‘काल्सा’ झाला, आणि तो जोड्यावरून पायमोज्यावर सरकला. मध्ययुगात मोजे लांब होत गेले. गुडघा ओलांडला, मांडी ओलांडली आणि शेवटी कमरेला भिडले. शब्दही कपड्याबरोबर टाचेपासून कमरेपर्यंत चढला. मग सोळाव्या शतकाच्या सुमारास कपडा मधोमध तुटला. वरचा भाग तो ‘काल्सोन’, म्हणजे चोळणा. खालचा भाग ‘मेदियास काल्सास’, म्हणजे अर्धे काल्सा. बोलण्याच्या घाईत ‘काल्सास’ गळाले, उरले ‘मेदियास’, म्हणजे नुसते ‘अर्धे’. आज स्पॅनिशमध्ये लांब मोज्यांना ‘अर्धे’ म्हणतात आणि कशाचे अर्धे ते कोणालाच आठवत नाही. कॅटलानमध्येही तेच, ‘मिजेस’. छोट्या मोज्याला स्पॅनिशमध्ये ‘काल्सेतिन’, आतल्या चड्डीला ‘काल्सोन्सियो’. कॅटलानमध्ये ‘काल्सेस’ म्हणजे बायकांची आतली चड्डी. टाचेने किती जागा बदलल्या बघा.

बाकीचे काही शब्द घाईने. पँट आपल्याकडे इंग्रजीतून आली, स्पॅनिशमध्ये ‘पांतालोन’ फ्रेंचमधून. दोन्हींचे मूळ इटालियन लोकनाट्यातला पांतालोने नावाचा व्हेनिसचा कंजूष म्हातारा आणि त्याची लांब विजार. ‘चालेको’ म्हणजे बंडी. शब्द तुर्की, अल्जीरियाच्या अरबीतून आलेला, आणि तिथे तो ख्रिस्ती कैद्यांच्या अंगातला आखूड कपडा होता. ‘आब्रिगो’ म्हणजे थंडीचा कोट. लॅटिनमध्ये मूळ अर्थ उन्हाने ऊब घेणे. ‘पिहामा’ म्हणजे आपला पायजमाच, इंग्रजांच्या सामानातून गेलेला. कॅटलानमध्ये शालीला ‘शाल’च म्हणतात, उच्चारही तोच. जोड्याला स्पॅनिशमध्ये ‘सापातो’, कॅटलानमध्ये ‘साबाता’. याचे मूळ तुर्की असावे असे म्हटले जाते, पण पक्के झालेले नाही. त्याचा पोर्तुगीज भाऊ मात्र आपल्याकडे ‘सपाता’ होऊन आला. जुन्या मराठीत सपाता म्हणजे एक प्रकारचे जोडे.

मूळ सापडत नसेल तर तसे लिहायचे, हा कोरोमिनेस यांचा शिरस्ता. त्यांच्या कोशात ‘मूळ अनिश्चित’ हा शेरा इतक्या वेळा येतो की नव्या वाचकाची निराशा होते. मात्र शेऱ्याखाली कोणाचा तर्क कुठे आणि का फसला याची पाने भरलेली असतात.

मग कॅटलान कोशाचे काय झाले?

१९६७ मध्ये निवृत्त होऊन कोरोमिनेस कॅटलोनियात परतले. पुढे बार्सिलोनाच्या उत्तरेला समुद्रकाठच्या पिनेदा दे मार गावात स्थायिक झाले. फ्रँको १९७५ मध्ये गेला. कॅटलान व्युत्पत्तिकोशाचा पहिला खंड १९८० मध्ये आला तेव्हा लेखकाचे वय होते ७५.

इथून पुढची शर्यत वयाशी होती. १९८० ते १९९१ या काळात कॅटलान कोशाचे नऊ खंड निघाले. त्याच वर्षांत होसे अंतोनियो पास्कुआल यांच्या साथीने स्पॅनिश कोशाची वाढवलेली आवृत्ती सहा खंडांत निघाली. आणि १९८९ पासून कॅटलान प्रदेशातील गावे, डोंगर, ओढे यांच्या नावांचा ‘ओनोमास्तिकोन कातालोनिए’ हा आठ खंडांचा ग्रंथ. १९३१ मध्ये सुरू केलेले तेच काम. त्यासाठी त्यांनी आयुष्यभर पायपीट केली होती. पट्टीचे चालणारे होते. डोंगरात जाऊन मेंढपाळ, शेतकरी, म्हाताऱ्या बायका यांना नावे विचारायची, उच्चार टिपायचा, खिशातल्या वहीत लिहायचे. विद्यापीठाच्या खोलीत बसून हे झाले नसते.

सगळेच त्यांचे बरोबर होते का?

नाही. मतभेद असलेल्या अभ्यासकाला नोंदीतच फटकारण्याची त्यांना सवय होती आणि काही ठिकाणी ती कोशाला शोभत नाही. रोमनांच्या आधी स्पेनच्या काही भागांत बोलल्या जाणाऱ्या एका हरवलेल्या भाषेची कल्पना त्यांनी मांडली. तिला ‘सोरोताप्तिक’ असे नावही स्वतःच दिले आणि अवघड शब्द तिच्या खात्यात टाकले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. अरबी शब्दांच्या अभ्यासातही नंतरच्या पिढीने त्यांच्या नोंदी दुरुस्त केल्या. शिवाय हे काम प्रामुख्याने एका माणसाचे आहे. त्याच्या आवडीनिवडी, हट्ट, कॅटलानकडे असलेला ओढा नोंदीनोंदीत दिसतो. तरीही दुरुस्ती करणारा प्रत्येकजण सुरुवात त्यांच्या पानापासूनच करतो.

पुरस्कार घेतला आणि किताब नाकारला

१९८४ मध्ये त्यांना कॅटलान साहित्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. स्पेनच्या सरकारने देऊ केलेला आल्फोन्सो दहावा याच्या नावाचा मोठा किताब मात्र त्यांनी नाकारला. कारण उघड होते. कॅटलान भाषेला हे राज्य ज्या रीतीने वागवते ते त्यांना मान्य नव्हते. लोकशाही आली, कॅटलान शाळेत परतली, तरी त्यांच्या लेखी हिशेब पुरा झाला नव्हता. १९८९ मध्ये स्पॅनिश साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना जाहीर झाला आणि तो त्यांनी घेतला. दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालायचा यावर कॅटलोनियात आजही दोन मते सापडतात.

२ जानेवारी १९९७ रोजी पिनेदा दे मार येथे कोरोमिनेस यांचे निधन झाले. वय ९१. गावांच्या नावांच्या ग्रंथाचा आठवा आणि शेवटचा खंड त्याच वर्षी बाहेर पडला. कॅटलान कोशाचा दहावा खंड, म्हणजे पुरवणी आणि शब्दसूची, २००१ मध्ये निघाला.